अमेरिका, निव्वळ सहा तास

न्यूयॉर्क मुंबईपासून विमानानं सहा तासांवर आहे असं मी तीन वर्षं मानत होतो, आणि ती तीन वर्षं माझी तब्येत ठणठणीत होती.

हे सहा तास मी कुणाकडून ऐकलेले नव्हते, स्वतः काढलेले होते. आणि मी काढलेल्या आकड्यावर सहसा कुणी शंका घेत नाही, कारण माझी सगळी नोकरी साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर झाली. उसानं भरलेली गाडी आली की काट्यावर घ्यायची, आकडा टिपायचा. ऊस उतरवून मोकळी गाडी आली की पुन्हा काट्यावर घ्यायची. भरल्यातून मोकळं वजा केलं की उरतो तो निव्वळ ऊस. जगातलं कुठलंही कोडं या एका वजाबाकीनं सुटतं अशी माझी श्रद्धा आहे. (एकदा मेहुण्याला कारखान्यावर जेवायला बोलावून, जेवणाआधी आणि जेवणानंतर काट्यावर उभं करून, त्यानं किती जिलेबी खाल्ली ते मी काढून दाखवलं होतं. तेव्हापासून तो आमच्याकडे जेवत नाही.)

तीन वर्षांपूर्वी माझी बायको सुमन गेली. आमची एकुलती एक मुलगी सुजाता न्यूयॉर्कला नोकरी करते. ती आली, दिवसकार्य झालं, आणि तिला परत जावं लागलं. जाताना तिकिटाची एक प्रत माझ्या हातात देऊन म्हणाली, "आप्पा, हे जवळ असू द्या." ती गेली आणि शिवाजी पेठेतल्या आमच्या दोन खोल्यांत असा शुकशुकाट झाला की फ्रीज घुरघुरला तरी मला वाटायचं, कुणीतरी बोलतंय. काहीतरी हाताला काम पाहिजे म्हणून मी ते तिकीट घेऊन बसलो आणि सवयीनं वजाबाकी केली. विमान मुंबईहून रात्री दोनला सुटणार, न्यूयॉर्कला सकाळी आठला पोचणार. आठातून दोन गेले, राहिले सहा. परत केली. परत सहाच.

त्या दिवशी मी बऱ्याच दिवसांनी पोटभर जेवलो. सहा तास म्हणजे काय? कोल्हापुरातून पुण्याला जाताना वाटेत चहाला गाडी जरा जास्त रेंगाळली की तेवढेच होतात. आपल्याला काही दुखलं-खुपलं तर एक फोन करायचा, पोरगी लगोलग निघून येणार. मला एकदम आधार वाटला. सुमन गेल्यावर पहिल्यांदाच वाटला, म्हणून मी तो घट्ट धरून ठेवला.

(आता कुणी म्हणेल, इकडे दिवस असतो तेव्हा तिकडे रात्र असते, एवढंही तुम्हाला माहीत नव्हतं? चांगलं माहीत होतं. माझ्या सकाळच्या वेळी ती रात्रीचं जेवत असायची, हे मी फोनवर रोज बघत होतो. पण तो भूगोल झाला. हे गणित होतं. आमच्या शाळेत दोन्हींचे मास्तर वेगळे होते आणि त्यांचं एकमेकांशी पटत नव्हतं.)

गल्लीत कुणी विचारलं, "एकलंच असता काय?" की मी सांगायचो, "एकला कुठला? पोरगी सहा तासांवर हाय." माझा मित्र बापू, ज्यानं चंदगडच्या मार्गावर एसटी चालवण्यात जन्म काढला, त्यानं पहिल्यांदा हे ऐकलं तेव्हा भुवया वर केल्या.

"सहाच?"

"निव्वळ."

"मग लई जवळ हाय की रं. पावसाळ्यात चंदगडला जाऊन यायला मला त्याच्यापेक्षा जास्त लागायचं."

तर असं सगळं बरं चाललेलं असताना सुजातानं एक नवीन टुमणं लावलं. आप्पा, तुम्ही एकटे राहू नका, माझ्याकडे या. याच्या मागे होती अक्काताई. अक्काताई आमच्या खालच्या मजल्यावर राहते, स्वभावानं सोनं आहे, पण तिच्याकडे सुजाताचा नंबर आहे. माझं दूध उतू गेलं तर त्याचा वास शेजारी पोचायच्या आत बातमी न्यूयॉर्कला पोचायची. मी जिन्यात जरा ठेचकाळलो तर संध्याकाळी सुजाता विचारणार, "आप्पा, गुडघा कसा आहे?"

"तुम्हाला काही झालं तर?" ती म्हणायची.

"झालं तर तू येशील की. सहा तास."

यावर ती गप्प व्हायची. मला वाटायचं तिला पटलं. तिला वाटायचं, आप्पांची ही नेहमीची तिरकी बोलायची तऱ्हा. असं तीन वर्षं आम्ही एकमेकांना समजून घेतलं.

शेवटी ती म्हणाली, "मी येते. आठ दिवस राहते. तुम्ही एकटे कसे राहता ते डोळ्यांनी बघते. जमतंय असं वाटलं तर राहा. नाही वाटलं तर मी तुम्हाला घेऊन जाणार, मग काही ऐकायची नाही."

म्हणजे तपासणीच. आणि त्यात मला पास व्हायचं होतं. खरं सांगायचं तर एकटं राहायला मला अजिबात आवडत नव्हतं. संध्याकाळी दिवे लागायच्या वेळेला तर घर खायला उठायचं. पण इथं निदान बाजारात भाजीवाली म्हणते, "सुमनवहिनी असत्या तर ही मेथी घेतली नसती." तिकडे त्या बर्फात सुमनचं नाव कोण काढणार? म्हणून मला कोल्हापूर सोडायचं नव्हतं. मी जळमटं काढली, पडदे धुतले, मुदत संपलेली औषधं फेकली, आणि गॅसच्या बटणावर लाल कागद चिकटवला. तपासणीच्या तयारीत कुठं कमी पडलो नाही.

मग सुजातानं फोनवर तिचं तिकीट पाठवलं. वर बजावलं, "आप्पा, मुंबईला यायचं नाही. मी आले की माझी मी घरी येते. तुम्ही फक्त घरी थांबा." आता मागे वळून बघताना कळतं की त्या पेपरात एवढा एकच प्रश्न होता, आणि नेमका तोच मी ऑप्शनला टाकला.

तिकीट बघितलं आणि वजाबाकी केली. न्यूयॉर्कहून शुक्रवारी सकाळी साडेअकराला सुटणार. मुंबईला शनिवारी सकाळी साडेअकराला पोचणार. मी चष्मा पुसला. राहतात चोवीस तास. जाताना सहा आणि येताना चोवीस? तोच रस्ता, तेच अंतर. कारखान्यात एखाद्या गाडीचं असं वजन आलं असतं तर मी ड्रायव्हरला खाली उतरवून चौकशी लावली असती.

मी तिकीट बापूला दाखवलं. त्यानं ते लांब धरलं, जवळ धरलं आणि शांतपणे म्हणाला, "चढ हाय."

"कसला चढ?"

"जाताना उतार, येताना चढ. साधी गोष्ट हाय, दिनकर. घाट उतरताना गाडी मोकळी पळतीया. चढताना पयल्या गेरात रडतीया."

"विमानाला कसला घाट रं?"

"मग वर ढगात काय सपाट मैदान हाय व्हय?"

"तू बसलायस कधी विमानात?"

"तू बसलायस?"

दोघांची लायकी सारखीच निघाल्यामुळे तो वाद तिथंच थांबला. पण मी काही बापूसारखा हवेतल्या गोष्टी बोलणारा नव्हे. घरी येऊन विचार केला, आणि संध्याकाळपर्यंत मला उत्तर सापडलं. पाचट!

उसाच्या मोळीत पाचट असतं, म्हणजे वाळका पाला. ते धरून वजन केलं की आकडा फुगतो, म्हणून काट्यावरच्या माणसानं ते मनात वजा धरायचं असतं. तिकिटातही तसंच पाचट असणार. विमान येतंय सहा तासांतच. उरलेले अठरा तास कंपनी माणसांना मुंबईत बसवून घेत असणार. सामान तपासा, शिक्के मारा, ह्या रांगेतून त्या रांगेत जा. सरकारी कामाचा मला अनुभव आहे, त्यात अठरा तास म्हणजे त्यांनी लवकरच उरकलं म्हणायचं. हिशेब चोख बसला आणि मी खूश झालो.

पण ती खुशी टिकली नाही, कारण माझ्या डोळ्यांसमोर सुजाता आली. शुक्रवारी संध्याकाळी उतरलेली, कुठल्यातरी खुर्चीवर बॅग मांडीवर घेऊन बसलेली. बोलायला कुणी नाही, समोरच्या भिंतीकडे बघत, शनिवारची वाट बघत. असं बसणं म्हणजे काय, ते मला तीन वर्षांत पाठ झालं होतं. माझ्या पोरीवर ती वेळ मी येऊ देणार नव्हतो. शिवाय तपासणीच्या दृष्टीनंही विचार केला. जो म्हातारा एकटा कोल्हापूरहून मुंबईच्या विमानतळावर येऊन उभा राहतो, त्याला दोन खोल्यांत एकटं राहता येत नाही असं कोण म्हणेल?

अक्काताईनं स्टीलच्या डब्यात सुकं मटण आणि भाकरी बांधून दिली. "रस्सा देत न्हाय भावजी, गाडीत सांडंल. पण एकलं जाताय काय मुंबईला? पोरगी नको म्हणलीया न्हवं?"

"तिला दाखवायचंच हाय, मी एकला काय काय करू शकतो ते."

ते मी पुढे दाखवलंच.

शुक्रवारी पहाटेच्या बसनं निघालो आणि संध्याकाळी विमानतळावर पोचलो. बाहेर येण्याच्या दारापाशी लोक हातात नावांच्या पाट्या धरून उभे होते. माझ्याकडे पाटी नव्हती, म्हणून मी डबा वर धरला. साडेपाच वाजले. माणसांचे लोंढे बाहेर पडले, सगळे दुसऱ्यांचे. हात दुखायला लागला तसा डबा खाली घेतला आणि फोन केला. सुजातानं लगेच उचलला.

"सुजा, कुठं हायस?"

"विमानतळावर, आप्पा. आत्ताच पोचले."

माझी छाती फुगली. हिशेब म्हणजे हिशेब. "मी बी विमानतळावरच हाय."

"कुठल्या?"

"कुठल्या म्हंजे? तू ज्याच्यावर हायस त्याच की."

"आप्पा, तुम्ही मुंबईला गेलाय? आज? अहो, कशाला? मी सांगितलं होतं ना घरी थांबा म्हणून?"

"ऱ्हाऊ दे की आता. तू भाईर ये, अक्काताईनं मटण दिलंय."

"बाहेर कशी येऊ? सामान देऊन झालं, मी आत आले. आप्पा, ऐका, तुम्ही पहिलं घरी जा. मी अजून—"

आणि फोन कट झाला. बघतो तर बॅटरीची खूण लाल. मी चटकन बापूला लावला, कारण अडचणीच्या वेळी शहाण्या माणसाचा सल्ला घ्यावा असं मला वाटतं, आणि शहाणा माणूस नसेल तर बापूचा. त्याला सगळं सांगितलं.

"ती काय म्हणाली, शब्द सांग," बापू म्हणाला.

"घरी जा म्हणाली. भाईर कशी येऊ म्हणाली."

"मग झालं की. त्या दारानं सोडत नसत्यात. आपल्या स्टँडवर न्हाय काय, आत जायाचं दार येगळं, भाईर पडायचं येगळं? ती दुसऱ्या दारानं निघाली आसंल गाडी करून कोल्हापूरला. तू तितं डबा घिऊन हुबा, आन् ती हितं येऊन कुलूप बघत बसायची. निघ आदी."

एवढ्यात फोनच बंद पडला. तरी खातरजमा करावी म्हणून मी दारावरच्या शिपायाला विचारलं. तो म्हणाला, "अंकल, न्यूयॉर्क की फ्लाइट तो कल दोपहर में है." मला त्याची कीव आली. तोही बिचारा पाचट धरूनच मोजत होता.

परतीच्या गाडीत शेजारी कबनूरचा एक यंत्रमागवाला बसला होता. मी डबा उघडल्यावर त्यानं वासानंच ओळखलं. "पावणं, मटण कोल्हापूरचं दिसतंय." मी निम्मं त्याला दिलं. त्यानं बोटं चाटून विचारलं, मुंबईला कशाला आलतासा? म्हटलं, पोरीला आणायला. त्यानं माझ्या पलीकडे बघितलं, मागच्या सीटवर बघितलं, आणि पुढं काही विचारलं नाही. कबनूरची माणसं समजूतदार असतात.

शनिवारी सकाळी घरी आलो तर दाराला माझंच कुलूप, जसं लावलं होतं तसं. सुजाताचा पत्ता नाही. खाली अक्काताईच्याही दाराला कुलूप. (ती त्याच सकाळी बहिणीकडे गेली होती, हे मला मागाहून कळलं.) मी म्हटलं, वाटेत कुठं चहापाण्याला थांबली असेल पोरगी. फोन चार्जिंगला लावला, जरा पाठ टेकू म्हणून आडवा झालो, आणि जो मेल्यासारखा झोपलो तो दिवे लागायच्या वेळेलाच उठलो.

आता त्या दिवशी मुंबईत काय चाललं होतं ते सांगतो. हे मला सुजातानं नंतर सांगितलं, आणि सांगताना ती माझ्याकडे बघत नव्हती.

माझा फोन आला तेव्हा ती विमानतळावरच होती, पण न्यूयॉर्कच्या. तिचं विमान सुटायला अजून बराच अवकाश होता. तिनं परत फोन लावला तर आधी माझा बिझी (बापूचा सल्ला चालू होता) आणि मग कायमचा बंद. तशीच ती विमानात बसली. समुद्र ओलांडून येईपर्यंत तिच्या डोळ्यांसमोर एकच चित्र होतं, आप्पा डबा घेऊन मुंबईच्या गर्दीत उभे आहेत. तिला घास गेला नाही. शनिवारी दुपारी ती बाहेर आली आणि तिनं मला शोधायला सुरुवात केली. माझ्यासारख्या प्रत्येक पांढऱ्या टोपीजवळ जाऊन बघितलं. बाकड्यांवर बघितलं, पार्किंगमध्ये बघितलं, झाडाखाली झोपलेल्या एका म्हाताऱ्याच्या तोंडावरचा टॉवेल उचलून बघितलं. तो भलताच निघाला आणि रागावला. अक्काताईला फोन केला तर ती बहिणीच्या घरून म्हणाली, "भावजी मुंबईलाच गेल्यात की कालपासनं. आजून आलं न्हाईत." शेवटी ती पोलीस चौकीत गेली. वर्णन सांगितलं. पांढरी टोपी, हातात स्टीलचा डबा, स्वभाव हट्टी. पोलिसांनी पहिल्या दोन गोष्टी लिहून घेतल्या.

आणि हे चालू असताना पांढरी टोपी खुंटीला होती आणि हट्टी स्वभाव घोरत होता.

संध्याकाळी उठल्यावर फोन हातात घेतला. चार्जिंगची वायर लावलेली होती, भिंतीतलं बटण मात्र दाबलेलं नव्हतं. दाबलं. जरा वेळानं फोन जिवंत झाला आणि थरथरतच राहिला. एवढे मिस्ड कॉल मला आयुष्यात कधी आले नव्हते. मी सुजाताला लावला. अर्ध्या घंटीत उचलला गेला.

"आप्पा?" आवाज अगदी बारीक झाला होता. "कुठं आहात तुम्ही?"

"घरी."

"घरी म्हणजे?"

"आपल्या घरी. खाटेवर."

ती फोन जरा बाजूला धरून कुणाला तरी म्हणाली, "सापडले साहेब. घरी आहेत. झोपले होते." पलीकडून दोन-तीन माणसांच्या हसण्याचा आवाज आला. त्यात तिचा नव्हता.

रविवारी सकाळी ती आली. जिन्यात पावलं वाजली तसं मी दार उघडलं. तीन वर्षांनी समोरासमोर बघत होतो. डोळे सुजलेले, केस विस्कटलेले, अंगावर दोन देशांची धूळ. तिनं बॅग खाली ठेवली, माझ्याकडे पायापासून डोक्यापर्यंत बघितलं आणि तिथंच पायरीवर बसली. खांदे हलायला लागले. रडतेय की हसतेय कळेना. मीही शेजारी बसलो. जरा वेळानं कळलं की दोन्ही चाललंय, आणि माझंही तेच चाललं होतं.

आंघोळ-जेवण झाल्यावर तिनं विचारलं, "आता सांगा. शुक्रवारी संध्याकाळी मी मुंबईत असेन असं तुम्हाला कुणी सांगितलं?"

मी हिशेब मांडून दाखवला. सहा तास, चोवीस तास, पाचट. ती ऐकत होती आणि तिचा चेहरा हळूहळू बदलत होता.

"म्हणजे 'सहा तासांवर आहेस' असं तुम्ही जे म्हणायचात, ते खरंच?"

"मग? खोटं कशाला बोलू?"

तिनं कपाळ दाबून धरलं. मग म्हणाली, "आप्पा, एक सांगा. भरलेली गाडी तुमच्या काट्यावर मोजली, आणि मोकळी गाडी दुसऱ्या कारखान्याच्या काट्यावर. त्या काट्याचा शून्यच मागं सरकलेला. मग वजाबाकी केली तर?"

"छे. ती वजाबाकी कसली? ती फसवणूक झाली. दोन्ही वजनं एकाच काट्यावर—"

सुटायची वेळ मुंबईच्या घड्याळाची, पोचायची वेळ न्यूयॉर्कच्या घड्याळाची. दोन वेगळे काटे. सगळी नोकरी ज्या चुकीसाठी मी दुसऱ्यांना झापलं, ती मी स्वतः तीन वर्षं छातीशी धरून बसलो होतो.

"जाताना साडेपंधरा तास लागतात," ती हळूच म्हणाली. "येताना साडेचौदा. आणि हे फक्त विमान. घरून घरी यायला दोन दिवस जातात, आप्पा."

मी मान हलवली. ती माझ्या समोर, हाताच्या अंतरावर बसली होती, आणि तरी मला ती लांब लांब चालल्यासारखी वाटत होती. तीन वर्षं ती मुंबईपलीकडे सहा तासांवर होती. आता एका वाक्यात समुद्रापार गेली. मला फार एकटं वाटलं. सुमन गेल्यानंतरही इतकं वाटलं नव्हतं, कारण तेव्हा माझ्याकडे ती चुकीची वजाबाकी होती.

दुपारी बापू आला. त्याला सगळं समजावून सांगितलं. तो नाराज झाला, मग एकदम खुलला. "थांब. जाताना साडेपंधरा, येताना साडेचौदा? म्हंजे चढ हायच की. फकस्त जाताना हाय."

"काका, ते वाऱ्यामुळे होतं," सुजाता म्हणाली.

"वाराच की. घाटात काय वारं नसतंय व्हय?"

सबंध प्रकरणात ज्याचं शेवटी थोडंफार बरोबर निघालं असा तो एकटाच माणूस. आता तो गल्लीत मला तज्ज्ञासारखा दुरून हात करतो.

आठ दिवसांच्या शेवटी निकाल लागला. सुजाता माझ्यासमोर बसली आणि म्हणाली, "आप्पा, तुम्हाला एकटं राहता येत नाही, हे तर सिद्ध झालं."

"मग? नेतीस मला?"

"तेच ठरवून आले होते, कागद झाले की तुम्ही मागून विमानानं याल असं धरून." ती हसत होती. "पण तुम्हाला नेणार कशी? माझी रजा संपली. तुमचे कागद होईपर्यंत मी थांबू शकत नाही, आणि तुम्हाला एकट्याला विमानात बसवायचं म्हणजे..." बोलता बोलता तिचं हसू गेलं. "मुंबईत पोलिसांना मराठी तरी कळत होती, आप्पा. परक्या देशात मी कुणाला सांगू, पांढरी टोपी आणि स्टीलचा डबा?"

तेव्हा ठरलं असं की मी कोल्हापुरातच राहायचं. एकटं राहायला लायक म्हणून नाही, तर प्रवासाला नालायक म्हणून. घराची एक किल्ली अक्काताईकडे द्यायची, रात्रीचं जेवण तिच्याकडे. शहराची हद्द ओलांडायची असेल तर आधी तिची परवानगी काढायची. बापूचा सल्ला घ्यायला कायमची बंदी. (यावर बापूनं मला गुपचूप सल्ला दिला की मान्य करून टाक.) नापास होऊन बक्षीस मिळालेला माणूस आमच्या पेठेत मी पहिलाच असेन.

सुजाता गेली त्या सकाळी मला कोपऱ्यापर्यंतच जायची मुभा होती. रिक्षा वळेपर्यंत हात हलवला. घर माझं, गाव माझं, आता मला कुणी कुठं नेणार नव्हतं. जिंकलेल्या माणसाच्या रुबाबात मी जिना चढलो, स्वयंपाकघरात जाऊन चहा टाकला आणि बसलो. तेवढ्यात रिक्षातूनच तिचा फोन.

"आप्पा, काय करताय?"

"चहा घेतोय."

"एकटेच?"

"व्हय की." आता तिला काय सांगणार, की आठ दिवसांच्या सवयीनं माझ्यासमोर दोन कप भरलेत, त्यातला बिनसाखरेचा तिचा आहे, आणि तो मोरीत ओतायला हात होत नाही म्हणून साखर कारखान्यात जन्म घालवलेला मी तो कडू काढा, तोंड वेडंवाकडं करत, तळापर्यंत पितोय.